ताऱ्याच्या पोटातलं लोखंड

"ताऱ्याच्या पोटात लोखंड साठायला लागलं, की तो संपलाच म्हणायचा," करंदीकर सर सवयीने बोलून गेले आणि पहिल्या बाकावरच्या मैत्रेयीकडे लक्ष जाताच थबकले.

त्यांच्या या लेकीला थॅलेसेमिया होता. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागे आणि त्या परक्या रक्तातलं लोह तिच्या अंगात साठत जाई. ते बाहेर काढणारी औषधं आता पुरी पडत नव्हती. लोह हृदयात पोचलंय, हे डॉक्टरांनी कालच सरांना एकट्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. घरी येऊन सर 'रिपोर्ट चांगला आहे' एवढंच म्हणाले होते.

"मग पुढे काय होतं, सर?" एका मुलीने विचारलं.

"तारा कोसळतो, फुटतो. जन्मभर त्याने घडवलेलं सगळं आकाशगंगेत विखुरतं. त्यातूनच नवे तारे होतात, पृथ्वी होते, आपण होतो."

"म्हणजे तो मेल्यावर बाकीच्यांची चंगळच की!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खो खो हसला.

मैत्रेयी हसली नाही. शाळेत ती त्यांना सरच म्हणायची, आज उभी राहून म्हणाली, "बाबा, माझा रिपोर्ट खरंच चांगला आहे ना?"

हसू विरलं. 'हो' हा शब्द सरांच्या ओठांवर तयार होता. पण फळ्यासमोर उभं राहून ते आजवर कधी खोटं बोलले नव्हते, आणि हे त्यांच्याइतकंच तिलाही ठाऊक होतं.