गाळ काढल्याचे फोटो

दुष्काळाचं साल. दुपारी तपासणी पथक यायचं होतं, म्हणून आमच्या साहेबांना सकाळी शिस्त आठवली. "प्रेरणा मॅडम, कॉम्प्युटरवर पैठण रोडच्या तळ्याच्या फोटोंचा लई पसारा झालाय. गाळ काढण्याआधीचे एका फोल्डरात टाका, काढल्यानंतरचे दुसऱ्या."

मी एकेक फोटो उघडत गेले. सगळ्यांत तेच कोरडं तळं, त्याच भेगा, मागं अर्धवट बांधलेलं तेच अपार्टमेंट आणि पुढं हसणारे साहेब.

"साहेब, यातले आधीचे कोणते न् नंतरचे कोणते? काहीच फरक दिसत नाय."

साहेब वैतागले. "एवढ्या शिकलेल्या तुम्ही, अन् एवढं कळंना? माझा शर्ट बघा की! चौकडीचा आधी, पांढरा नंतर. त्या दिवशी दोन शर्ट काय उगाच नेले होते व्हय मी?"