बांधातलं फावडं

फावडं बांधाच्या तळाशी सापडलं, खाडीच्या अंगाला. दांडा कुजून गेला होता. हिरामणने ते चिखलातून उपसून वर धरलं, आणि बांधातून पाणी सोडायच्या नव्या दगडी उघाडीचं काम जागच्या जागी थांबलं.

"नऊ वर्षं आपन खेकड्यांचं उपकार मानतोय," तो म्हणाला, "आन् बांध तर मानसानं फोडलाय."

"मानूस कुठल्या पाड्याचा, ते पन सांगून टाक," मोरू म्हणाला.

हिरामण वरच्या पाड्याचा, मोरू खालच्या. रेवसच्या खाडीकाठच्या त्या गावात भांडणाला एवढं पुरे होतं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी याच जागी, शेतातलं पाणी खाडीत कधी सोडायचं यावरून दोन्ही पाडे भिडले होते. खालच्या पाड्यातल्या कृष्णाबाईचा नवरा काळूराम गेला. वरच्या पाड्यातल्या बाबाजीचा मुलगा कान्हा गेला. त्यानंतर दोन पाड्यांत विस्तवही जाईना.

दोन वर्षांनी माघी पुनवेच्या उधाणात त्या पुरुषभर उंच बांधाला खांड पडली आणि खारं पाणी शेतांत शिरलं. खांड पडली की वैर घरी ठेवून प्रत्येकाने मातीची पाटी घेऊन धावायचं, हा खाडीकाठचा बापजाद्यांपासूनचा कायदा. पहिली हाक कृष्णाबाईने दिली. आधी तिचंच शेत बुडालं होतं. पुढे तीन पावसाळे त्यात दाणा पिकला नाही. बाबाजी तर कंबरेपर्यंत चिखलाने बरबटलेला धावत आला. पुढची भरती यायच्या आत खांड बुजवायची होती. खांद्याला खांदा लागला, सगळे एकाच हंड्यातलं पाणी प्यायले, आणि काम संपल्यावर भांडायचं कुणाला आठवलंच नाही.

बांध खेकड्यांनी पोखरला, असं सर्वांनी ठरवून टाकलं. तेव्हापासून माघी पुनवेला दोन्ही पाडे एका पंगतीला बसतात आणि त्या दिवशी कुणाच्या चुलीवर खेकडा चढत नाही. परगावचे हसतात. हसोत बापडे, उपकार तो उपकार.

आता मात्र हातातल्या कुदळी वेगळ्याच तऱ्हेने धरल्या गेल्या. कृष्णाबाईने हातातली पाटी खाली टाकली.

म्हातारा बाबाजी सावकाश पुढे आला. त्याने फावडं हातात घेतलं, अंगठ्याने चिखल पुसला.

"माजं हाय," तो म्हणाला. "खांड भरताना हातातून सुटलं."

"येवढं खोल?" हिरामणने विचारलं.

"वरनं पाट्या तूच वतत व्हतास. मला काडू दिलंस व्हय?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. सुंठीवाचून खोकला गेला. मोरूने हिरामणला विडी दिली आणि काम पुन्हा सुरू झालं.

संध्याकाळी कृष्णाबाई बाबाजीच्या अंगणात आली. पदराखालची नव्या पोह्यांची पुरचुंडी तिने त्याच्यापुढे ठेवली.

"बाबाजीदादा, आज तुमी गाव राखलंत. माज्यासाटी खोटं बोललात, ते मी जलमभर इसरनार न्हाय."

"तुज्यासाटी?"

"त्या सकाळी शेताच्या अंगानं मीच खनत व्हते. आनखी कुनाच्या घरातलं मानूस जाऊ नये, येवढंच मनात व्हतं. खांड पडली तर समदे येतील, म्हनलं. पन हातभर खनलं न खनलं, तवर आख्खा बांध बसला. फावडं पान्यानं वडून नेलं." तिने डोळे टिपले. "येवढा जाडा बांध बाईमानसाच्या हातानं पडतो व्हय? देवच धावला."

बाबाजीने पुरचुंडी सोडून अर्धे पोहे तिच्यापुढे सारले. त्याचेही डोळे भरून आले होते.

"फावडं माजंच हाय, किस्नाबाय," तो म्हणाला. "खाडीच्या अंगानं मी खनत व्हतो."