ओट्यापाशी ऐकलेली मॅच

आत एकच गलका झाला आणि लिओनच्या हातातला खिम्याचा गोळा पातेल्यात पडला. टोमॅटो सॉसचे शिंतोडे थेट चष्म्यावर उडाले.

"काय झालं रे?" तो ओरडला.

"तुम्ही तिथंच थांबा दाजी, झकास चाललंय!" बैठकीतून मेहुण्याचा, व्हिन्सचा आवाज आला. सगळे खो खो हसले.

लिओननं चष्मा पुसला आणि पुन्हा कामाला लागला. छोट्या पावांची लादी आडवी कापायची, खालच्या भागावर खिम्याचे गोळे मांडायचे, त्यावर सॉस आणि चीज. मग वरचा भाग बसवून त्याला लसणीचं लोणी फासायचं आणि लादी ओव्हनमध्ये सारायची. बारा वर्षं अमेरिकन फुटबॉलच्या मॅचच्या दिवशी हे चिमुकले बर्गर तोच करत होता. आपल्या आईलाही गोळे इतके मऊ जमले नसते, असं बायको रोझमेरी कौतुकानं म्हणायची. त्याला त्या कौतुकाचा आता वीट आला होता. तो काही हौसेनं ओट्याशी उभा राहत नव्हता. त्याला हाकललं होतं.

कारण लिओन पांढऱ्या पायाचा. बारा वर्षांपूर्वी तो कागदी रुमाल आणायला उठला आणि गावच्या टीमनं गुण मिळवले; परत येऊन बसला आणि टीम हरली. पुढच्या रविवारी त्याला गमतीनं बाहेर ठेवलं, तर जिंकली. गंमत करता करता नियम होऊन बसला. लिओननं ऐकायला हरकत नाही, पण पडद्याकडे पाहायचं नाही. ज्या गावात चांगली शिकलेली माणसं टीम जिंकतेय म्हणून हंगामभर मोजे धूत नाहीत, तिथं याला कोण वेडेपणा म्हणणार? दोन वर्षांपूर्वी तो एकदाच दाराच्या फटीतून डोकावला होता. त्याच क्षणी आपल्या खेळाडूच्या हातून चेंडू निसटला. हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं.

पण आजची मॅच त्याला पाहायची होती. गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. डावा डोळा गेल्यातच जमा आहे, उजव्याच्या मधोमध डाग पसरतोय. ईस्टरपर्यंत टीव्ही तर सोडाच, समोर बसलेल्या माणसाचा चेहराही ओळखू येणार नाही. घरी त्यानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. रोझमेरीनं रडून रडून आजचा बेतच मोडला असता. आणि वीस वर्षांनी टीम अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर आली होती. डोळ्यांनी पाहता येईल अशी ही कदाचित शेवटची मॅच तो पावाला लोणी फासत ऐकत होता. त्याला स्वतःची इतकी कीव आली की ब्रश जोरात दाबला जाऊन एक पाव फाटला.

मध्यंतरात ताट घेऊन जाताना त्यानं हसत हसत मुलाला विचारून पाहिलं. "ग्रेग, शेवटची दहा मिनिटं बसू का कोपऱ्यात?"

"बाबा, आज नको ना!" ग्रेगच्या तोंडात बर्गर होता. "पुढच्या वर्षी बस की हवं तर."

पुढच्या वर्षी! लिओन रिकामं ताट उचलून ओट्याशी परतला.

शेवटी शेवटी आतला आवाज हळूहळू बसत गेला. टीम दोन गुणांनी मागे होती. व्हिन्सच्या पुटपुटण्यातून लिओनला सगळं कळत होतं. सात सेकंद उरले होते. एकच किक. चेंडू दोन खांबांच्या मधून गेला तर तीन गुण आणि जिंकलो, नाहीतर संपलं. लिओननं ओव्हनमधून दुसरं ताट काढलं आणि तसाच बैठकीत शिरला.

"बाहेर! बाहेर!" व्हिन्सनं खुर्चीतूनच उशी उचलून त्याच्या तोंडासमोर धरली. "दाजी, पाया पडतो तुमच्या!"

ग्रेगनं उठून त्याचे खांदे धरले आणि त्याला वळवू लागला.

"ग्रेग, मी आंधळा होतोय," लिओन म्हणाला. "काही महिन्यांत मला काहीच दिसणार नाही. ही एक किक पाहू दे."

उशी खाली आली. समोरच्या टीमनं खेळ थांबवला होता आणि टीव्हीवर गाडीची जाहिरात चालू होती. रोझमेरी उठली आणि पुन्हा मटकन खाली बसली. "आणि तू हे मला..." एवढंच ती म्हणाली.

ज्या खुर्चीवरून व्हिन्स मॅच चालू असताना लघवीलाही उठत नसे, ती त्यानं रिकामी केली. "बसा, दाजी." त्यानं लिओनच्या नजरेला नजर दिली नाही. ग्रेगनं गरम ताट नुसत्या हातांनी घेतलं आणि तो ते धरून उभाच राहिला.

लिओन बसला. त्यानं मान जराशी तिरकी केली, तसा मधला डाग बाजूला सरकला आणि पडदा स्वच्छ झाला. मैदानावर बर्फ पडत होतं. पिवळे खांब दिसत होते. किक मारणाऱ्या पोराच्या तोंडातून निघणारी वाफसुद्धा दिसत होती. किती सुंदर होतं ते!

मागे व्हिन्स देवाचा धावा करत होता. ग्रेगचा श्वास लिओनच्या कानापाशी अडकला होता. हरलो तरी आता हे आपल्याला एक शब्द बोलणार नाहीत, लिओनच्या मनात आलं. जन्मभर बोलणार नाहीत. दाराच्या फटीतून पाहताना निसटलेला तो चेंडू त्याला आठवला.

पोरगा धावत सुटला.

"बघ लिओन, बघ!" रोझमेरी रडत म्हणाली.

लिओननं डोळे घट्ट मिटून घेतले.