जाईबाईंचा पाय

संध्याकाळपर्यंत सीट पक्की करायची होती, हैदराबादची किंवा कल्याणची, आणि योगिनी जाईबाईंचा पाय मांडीवर घेऊन बसली होती.

कल्याणची एम.एस्सी. घरून ये-जा करून होणारी. पुढे कुठल्याशा नर्सिंग कॉलेजात शिकवण्याची नोकरी, रविवारची सुट्टी आणि ठाकुर्लीचं हेच घर. हैदराबादची होती नर्स प्रॅक्टिशनरची, क्रिटिकल केअरमधली. दोन वर्षं तिथेच राहून वॉर्डात राबायचं. पण ती झाली की आयसीयूत रुग्णाचं प्रेशर घसरत असताना डॉक्टरांचा फोन लागण्याची वाट बघत उभं राहायला नको. ठरवून दिलेल्या मर्यादेत औषध वाढवायचा अधिकार आपला. माजिवड्याच्या हॉस्पिटलात अशी वाट बघताना तिचा जीव कितीदा तरी टांगणीला लागला होता. म्हणजे मनाने कौल कधीच दिला होता. घोडं अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. तिला कोणीतरी 'नको जाऊस' म्हणायला हवं होतं. ती ऐकणार नव्हतीच. पण एवढ्या भरल्या गावात एकाने तरी म्हणावं की नाही?

माजिवड्याला राहणाऱ्या भावाला, विनीतला, सकाळीच फोन करून झाला होता. "ताई, तुला त्यातलं कळतं. तू घेशील तो निर्णय बरोबरच असणार," असं म्हणून त्याने लगोलग आपल्या सासूबाईंचा थायरॉइडचा रिपोर्ट पाठवला होता. "बघ ना जरा, टेन्शनसारखं काही नाही ना?" नव्हतं. तिने तसं कळवलं, त्यावर अंगठा आला.

मग उरले खालच्या मजल्यावरचे बाबुराव आणि जाईबाई. डायबेटिसमुळे जाईबाईंच्या तळव्याला जखम झाली, तेव्हापासून ड्यूटी कुठलीही असो, योगिनी रोज येऊन ड्रेसिंग करून जायची. बदल्यात चहा मिळायचा आणि 'बस गं जरा' मिळायचं. वरच्या मजल्यावर तिच्या स्वतःच्या घरात तिला 'बस' म्हणणारं कोणी नव्हतं.

"काकू, मी हैदराबादला जाऊ का शिकायला?" पट्टी सोडवता सोडवता तिने विचारलं. "दोन वर्षं."

"हैदराबादला?" जाईबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "अन् मग पाय?"

योगिनीला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, फार बरं वाटलं.

"तेच ना," ती म्हणाली. "पायाचं कोण बघणार? म्हणून म्हणतेय, कल्याणचंच घेते. तेही काही वाईट नाही."

बाबुराव खुर्चीतून उठले. आयुष्यभर मोहने गावातल्या कारखान्यात फिटर होते, पण बायकोच्या जखमेकडे बघायचा धीर त्यांना आजवर झाला नव्हता. ड्रेसिंग सुरू झालं की ते गॅलरीत जाऊन रस्ता बघत उभे राहायचे. आज चष्मा लावून ते सरळ फरशीवर येऊन बसले.

"दाखवा, सिस्टर, कसं करायचं ते. आमच्या पायापायी तुमचं शिक्षण अडायचं म्हणजे काय?" भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे त्यांनी हात केला. "ह्या घरात शिकणाऱ्याला कोणी थांबवत नाही. काय तोंड दाखवू मी तिकडे?"

"काका, तुम्हाला बघवणार नाही."

"बघवेल. सांगा तुम्ही."

तिने सांगितलं. आधी साबणाने हात, मग हातमोजे, मग सलाइनने जखम पुसायची, मधून बाहेर, उलट कधीच नाही. बाबुराव एकेक करून तसंच करू लागले. इथे कुठेतरी चुकतील, असं तिला वाटलं; चुकावेत असंही वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज वाटून ती आणखी नीट सांगू लागली. बाबुराव चुकले नाहीत. मलम लावलं, गॉज ठेवला आणि पट्टी अशी बांधली की तिच्या हाताखालच्या पोरींना बोलावून दाखवावी.

"अगं बाई," जाईबाई हसल्या. "कळलं पण नाही मला! हिच्यापेक्षा यांचा हात हलका आहे की."

"जखम भरत आलीच आहे," योगिनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ड्यूटीवरचा वाटला. "लाल झाली, वास आला किंवा ताप आला, तर लगेच डॉक्टरांकडे न्यायचं."

"नेतो. आणि उद्यापासून तुम्ही येऊ नका, सिस्टर. ड्यूटीवरून दमून येता, घरी निवांत पडा. आम्हीच उगाच तुम्हाला अडकवून ठेवलं." बाबुरावांचे डोळे भरून आले होते. "मोठ्या व्हा. जा बिनधास्त."

इतक्या प्रेमाने तिला आजवर कोणी घालवून दिलं नव्हतं. जाईबाई पाय पुढे करून पट्टीकडे बघत होत्या, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा पट्टीकडे. चहाचं आज कोणाच्या ध्यानात आलं नाही. योगिनीने वापरलेला कापूस पिशवीत बांधला, हात धुतले आणि दार ओढून घेतलं.

जिन्यात तिने मोबाईल काढला आणि हैदराबादवर बोट टेकवलं. स्क्रीनवर एक चौकट उघडली. 'आर यू शुअर?'

सकाळपासून हे तिला कोणीच विचारलं नव्हतं. योगिनी पायरीवर बसली आणि उत्तर द्यायला तिने बराच वेळ लावला.