नऊ वेळा जागेवर नाही

"उमसुनाय एजे, इथे सही करा," असं म्हणायला बर्मेतने तोंड उघडलं खरं, पण कागद पुढे सरकवलाच नाही.

समोरची बाई पंचावन्नची. बिश्केकच्या या शिवणकारखान्यात तिची बावीस वर्षं गेली होती. सगळ्या पोरी तिला थोरल्या बहिणीच्या मानाने एजे म्हणत. पण कॅमेरे बसल्यापासून कोण किती काम करतं हे यंत्र ठरवायचं, आणि यंत्राने तिला काढायला सांगितलं होतं. नियम एवढाच, की आधी माणसाने तिचं म्हणणं ऐकायचं. ते माणूस म्हणजे कर्मचारी खात्यातली बर्मेत.

"दिवसाला नऊ वेळा जागेवर नसता. का?"

"म्हातारे पाय गं. आखडतात."

तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. एजे ताडकन उठली. "आलेच हं पोरी," म्हणत जवळजवळ पळतच निघाली. आखडलेल्या पायांची बाई अशी पळते? बर्मेत मागोमाग गेली.

शेवटच्या रांगेत बेगायम नावाची, सात महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी खाली मान घालून बाही शिवत होती. घंटा तिच्या गावीही नव्हती. एजेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. मुलगी हसली, तिने मशीन बंद केली.

"हिला ऐकू येत नाही?" बर्मेतने विचारलं.

एजेचा चेहरा पडला. "हळू बोल. अर्जात लिहिलं नाही तिने. तुमचं यंत्र नाव गाळेल म्हणून घाबरली. माझी सही घे हवी तर, पण तिचं कुठे बोलू नकोस."

बर्मेत ओशाळली. घंटेच्या जोडीला दिवा लावून द्यायचं काम तिच्या खात्याचं. सात महिने दर घंटेला, दिवसातून नऊ वेळा, ते ही बाई करत होती, आणि तिलाच काढायला आपण निघालो होतो.

तिने कागदावर लिहिलं, 'चूक बाईंची नाही, आमची.' बेगायमच्या हातात नोकरी पक्की झाल्याचं पत्र दिलं. आठवडाभरात तिच्या मशीनवर लाल दिवा बसवून घेतला. एजेला म्हणाली, "संपली तुमची धावपळ. आता बसा निवांत."

दुसऱ्या दिवशी जेवणाची घंटा झाली. दिवा लागला. बेगायमने मान वर करून तो नीट पाहिला, मशीन थांबवली. पण उठली नाही. पुन्हा मान खाली घालून तशीच बसून राहिली.

तिकडे एजे खुर्चीत चुळबुळत होती. तिने चोरून बर्मेतकडे पाहिलं.

"बघता काय, एजे?" बर्मेत म्हणाली. "पोर वाट बघतेय."