जागीच होते

भरदुपारी परसात कोंबड्यांनी एकच कलकलाट केला, तेव्हा मालन ओसरीवर पडली होती. अकरा वर्षं कोंबड्या पाळल्यामुळे तो आवाज तिला पक्का ठाऊक होता. मुंगूस शिरलं होतं.

ती उठली नाही.

रोज पहाटे खुराडं उघडायचं, घाण खरवडायची, दिवेलागणीला एकेक मोजून कोंडायची. यांच्यापायी ती भाचीच्या लग्नालाही मुक्कामाला राहिली नव्हती. ‘नेऊ दे एकदाच सगळ्या,’ असं मनात आलं आणि तिनं डोळे मिटून घेतले.

मग एक कोंबडी जिवाच्या आकांतानं ओरडली आणि गप्प झाली. मालनला स्वतःचीच भीती वाटली. काठी उचलून ती धावली. मुंगूस कुंपणातून पसार झालं. तांबडी कोंबडी पंख पसरून पडली होती, तिची मान रक्तानं भिजली होती. मालननं तिला उचललं, तर पंखांखाली सातही पिल्लं जिवंत होती. तांबडी मात्र तिच्या हातातच गेली.

शेजारून धाकटी जाऊ सिंधू धावत आली.

“जाऊबाई, डोळा लागला होता का?”

“नाही. जागीच होते.”

“मग?”

“ऐकत पडून राहिले.” मालननं पिल्लं पाटीत भरून तिच्यापुढे ठेवली. “ही तू ने. बाकीच्याही आजच ने.”

“असं काय करता? एवढ्या मायेनं वाढवल्यात.”

“म्हणूनच ने,” मालन म्हणाली. “उद्या ओरडल्या तर मी उठेनच, असं मला सांगता येत नाही.”