आजचा खांदा

डॉक्टर नाझरेंनी शैलजाताईंच्या दुखऱ्या हातावर निळी बाही चढवली; ती घालणाऱ्याला हव्या त्या खांद्याची हालचाल आणि दुखणं जसंच्या तसं अनुभवता येई. "ऑपरेशन केलं, तर वर्षभरानं तुमचा खांदा असा होईल."

हात अलगद डोक्यावर गेला.

डॉक्टरांनी बाहीवरची कळ फिरवली. "आणि हा नुसत्या व्यायामानं."

आता हात कानापाशी अडला, पण दुखला नाही.

"मला हाच चालेल," शैलजाताई घाईनं म्हणाल्या.

"वजन उचलत राहिलात तर टिकणार नाही हा."

शैलजाताई मनात हिशेब करू लागल्या. ऑपरेशननंतर सहा महिने काही उचलायचं नव्हतं. मग चाकांच्या खुर्चीतल्या लेकीला, ऋजुताला, पलंगावरून कोण उचलणार?

"डॉक्टर, आईचा आजचा खांदा मला दाखवाल?" शेजारून ऋजुतानं विचारलं.

"नको गं," शैलजाताई म्हणाल्या, पण तिनं बाही ओढून स्वतःच्या हातावर चढवलीसुद्धा. डॉक्टरांनी कळ आजच्या खांद्यावर आणली. तिनं हात जेमतेम हलवला आणि ती किंचाळली.

"अशा हातानं उचलतेस मला?"

"सवय झालीय."

ऋजुतानं डोळे पुसले. "डॉक्टर, ऑपरेशनची तारीख द्या. माझं मी बघेन."

"कसं बघशील?" शैलजाताईंनी विचारलं.

"ते अजून ठाऊक नाही, आई. पण उद्यापासून तू मला उचलायचं नाहीस."